पुडिंग दाट होईपर्यंत

हैदराबादच्या एका मराठी साप्ताहिकात कुसुमताई नावाच्या बाई अनेक वर्षं 'गोडाचं पान' लिहीत. चॉकलेटचा केक, चॉकलेटची बर्फी, कोको घातलेल्या नानकटाया, आणि सर्वांत जास्त मागणी असलेलं बिनअंड्याचं चॉकलेट पुडिंग. पानाच्या कोपऱ्यात त्यांचा छोटा फोटो असे. कपाळावर ठसठशीत कुंकू, कानात कुड्या, आणि आत्ताच गॅस बंद करून आल्यासारखा समाधानी चेहरा.

त्या पानातली एकही ओळ कुसुमताईंनी लिहिली नाही. एकही केक त्यांनी भाजला नाही. दोन्ही कामं माझी होती. कुसुमताई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी, माझ्या वहिनी. हे छापायला त्यांची परवानगी घेतली आहे. "लिहा की भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता कोण वाचतंय!"

मी त्या साप्ताहिकात उपसंपादक होतो. लहान साप्ताहिकात उपसंपादक म्हणजे बातम्यांची भाषांतरं करणारा, प्रुफं वाचणारा, लग्नाच्या जाहिराती घेणारा आणि सणासुदीला पाककृतींचा गठ्ठा ज्याच्या टेबलावर येऊन पडतो तो माणूस. वाचक पाककृती पाठवत. त्यात 'अंदाजाने साखर घ्यावी' असे. 'छान झाला असे वाटेपर्यंत भाजावे' असे. एका बाईंनी केकची सगळी कृती लिहिली होती, फक्त मैदा लिहायचा राहिला होता.

पाककृती तपासणं हे बातमी तपासण्यासारखंच काम आहे. काय, किती, केव्हा आणि कशात, हे स्पष्ट हवं. वाटी म्हटलं तर कोणती वाटी, हे एकदा ठरवून सगळीकडे तीच धरायची. 'कोको' लिहिलं तर सोबत 'दुधात घालून पितात ती गोड पावडर नव्हे' असंही लिहायचं, कारण निम्म्या घरांत तीच असते आणि मग पदार्थ गोडमिट्ट होतो. मी आणखी एक नियम केला. घरी करून पाहिल्याशिवाय काही छापायचं नाही. माझी पत्नी सुधा बँकेत होती. साप्ताहिक छापून झालं की दुसऱ्या दिवशी मला सुट्टी असे, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात देण्यात येई. ओटा होता तसा परत करायचा, एवढीच तिची अट.

घरात ओव्हन नव्हता. वाचकांच्या घरीही नव्हता. म्हणून केक कुकरमध्ये. तळाला जाड मीठ पसरायचं, त्यावर जाळी, जाळीवर डबा. शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवायची. पाणी अजिबात घालायचं नाही. हे मी प्रत्येक वेळी लिहीत असे. तरीही विद्यानगरच्या एका गृहस्थांनी सवयीने पाणी घातलं, शिट्टी लावली आणि केक वरणासारखा शिजवला. त्यांनी फोन करून विचारलं, की फोडणी कशाची द्यायची. ते चिडलेले होते की थट्टा करत होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

नावाचा प्रश्न संपादकांनी काढला. "पुरुषाच्या नावावर केक? बायका पान उलटून पुढे जातील," ते म्हणाले. "घरातल्या कुणाचं तरी नाव दे." सुधाने नकार दिला. काउंटरवर लोक ड्राफ्ट सोडून रेसिपी विचारतील, असं तिचं म्हणणं. वहिनी जिन्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांना विचारलं.

"माझं नाव छापून येणार?" त्यांनी विचारलं. "हौ, छापा की. फोटो पण टाका."

वहिनींचं माहेर सुलतान बाजारचं. बालपण कापडाच्या दुकानांच्या वर गेलेलं. मराठी बोलता बोलता त्यांच्या तोंडी 'हौ' आणि 'नक्को' येतं, आणि फार आश्चर्य वाटलं तर 'अय्यो'. त्यांच्या हातचं तिखट उत्तम होतं. गोडाशी त्यांचं जमत नसे. साधा शिराही बुडाला लागे.

सदर सुरू झालं आणि त्याच वर्षी मी त्यांच्याबरोबर सुलतान बाजारात गेलो होतो. त्या ब्लाउजपीस बघत होत्या, मी पिशव्या धरून उभा होतो. दुकानदाराच्या पत्नी गल्ल्यावरून उठून आल्या.

"कुसुमताई ना तुम्ही? फोटोतल्या! अहो, तुमचा चॉकलेट केक केला. जरा कोरडा वाटला, तर डबल का मीठासारखा पाकात सोडला आणि वर मलई घातली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतला."

पावाचे तुकडे तळून पाकात सोडणाऱ्या शहरात कोरडा केक अर्धवट राहिलेला वाटतो, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. ती सूचना मी पुढच्या अंकात घेतली. पण तेव्हा दुकानात मला वाटलं ते एवढंच, की मागून घेतलेला केक माझा होता.

वहिनी लाजल्या. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हे माझे दीर. पेपरात असतात."

"म्हणजे तुम्ही करता आणि हे छापतात," त्या बाई म्हणाल्या. "बरं आहे, घरातल्या घरात."

मी नमस्कार केला. पिशव्यांमुळे हात नीट जुळले नाहीत.

घरी आल्यावर हे सुधाला सांगितलं. ती म्हणाली, "नाव हवं होतं तर कुंकू लावून फोटो काढायचा होता." आमच्या घरात या विषयावर झालेली ही सर्वांत सविस्तर चर्चा.

मला जे वाटत होतं त्याला असूया म्हणतात. दुसरा शब्द शोधून पाहिला, बसत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी वहिनींना पुडिंगचं प्रमाण विचारलं, की मी जवळच्या खुर्चीवर सरकून बसत असे. त्या प्रमाण चुकीचं सांगत. मी ते दुरुस्त करत असे. विचारणारी बाई माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणे, "वा, तुम्हालाही पाठ झालं की!"

आमचं घर मलकपेठला, रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर. तळमजल्यावर आम्ही, वर दादा आणि वहिनी. फोन दोघांत एक, आमच्या बैठकीत. संपादकांनी तो नंबर सदराखाली छापून टाकला. तेव्हापासून वहिनी खाली येऊन फोन घेऊ लागल्या. समोर कात्रण ठेवायच्या, चष्मा लावायच्या आणि वाचायच्या. वाचक बाई पलीकडे गॅसपुढे उभी असे. एका ओळीनंतर वहिनींचं वाचन संपे आणि गप्पा सुरू होत. या गप्पांत घोडा कधी आला ते आठवत नाही. एकदा आला तो कायमचा राहिला.

मूळ घटना अशी. रेसकोर्सचे घोडे सकाळी फिरवायला बाहेर काढत. त्यांतला एक मोतद्दाराच्या हातून सुटला आणि आमच्या गल्लीत शिरला. रंग तपकिरी. मी कुकरमध्ये केलेला पहिला जमलेला चॉकलेट केक आमच्या खिडकीत गार करायला ठेवला होता. घोड्याने गजांपाशी तोंड आणलं. मी ताटली उचलून बाहेर आलो आणि फाटकाकडे चालत गेलो. घोडा ताटलीमागे आला. मोतद्दाराने लगाम धरला. केक घोड्याने खाल्ला नाही, फक्त हुंगला. वहिनी त्या वेळी गच्चीवर होत्या आणि ओरडत होत्या. बातमी म्हणून हिची किंमत चार ओळींची आहे.

वहिनींच्या सांगण्यात घोडा पांढरा शुभ्र होता. तो गल्लीत आला तो आधी समोरच्या अंगणातले पापड तुडवत. मग त्याने दूधवाल्याची बरणी लवंडली. समोरच्या अनसूयाम्मा पाण्याच्या टाकीवर चढल्या आणि त्यांना उतरवायला जावई आला. मग घोडा आमच्या खिडकीशी आला. "आणि मग गं," वहिनी आवाज उतरवत म्हणायच्या, "मी केलेला केक ताटलीत घेतला, आणि म्हटलं, ये रे राजा. नक्को घाबरू. आला की माझ्यामागं, लेकरासारखा!"

केक त्यांनी केलेला होता, असं त्यांना म्हणावंच लागे. सदर त्यांच्या नावावर होतं. ताटली धरायचं मात्र काही कारण नव्हतं.

आता पुडिंगबद्दल. थंड दुधात कॉर्नफ्लॉवर आणि कोको गुठळ्या न राहता कालवायचा. उरलेल्या दुधात साखर घालून ते मिश्रण त्यात ओतायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग कडेने दाटपणा येतो. नवखा माणूस इथे गॅस बंद करतो. ती चूक. पीठ अजून कच्चं असतं. पुडिंग वाटीत गेल्यावर पाणी सोडतं आणि जिभेला खडूसारखं लागतं. मधोमध जड बुडबुडे फुटून 'पच्च' असा आवाज येईपर्यंत ढवळायला हवं. त्यानंतर चॉकलेटचे तुकडे आणि थोडं लोणी.

हे मी लिहिलं. ठळक अक्षरांत लिहिलं. चौकट टाकून लिहिलं. तरी पातळ पुडिंगच्या तक्रारी येतच राहिल्या. त्या सगळ्या कागदावर वाचून करणाऱ्यांच्या होत्या. फोन करून करणाऱ्यांपैकी एकीचीही तक्रार आली नाही. मी याची संगती लावू शकत नव्हतो.

ती एका सुट्टीच्या दिवशी लागली. मी आत पुडिंग ढवळत होतो. दार उघडं होतं. बैठकीत वहिनी फोनवर कुणाला तरी घोडा सांगत होत्या. घोडा गल्लीत शिरला तेव्हा माझं दूध कोमट होतं. पापड तुडवले गेले तेव्हा वाफ यायला लागली. अनसूयाम्मा टाकीवर चढल्या तेव्हा कडेने दाटपणा आला. इथे एरवी माणूस गॅस बंद करतो, पण अनसूयाम्मांना टाकीवर सोडून कोण हलणार? जावई आला, त्यांना उतरवलं, ताटली निघाली, घोडा फाटकापाशी गेला, आणि माझ्या पातेल्यात मधोमध पच्च असा आवाज झाला. बाहेर वहिनी विचारत होत्या, "झालं का दाट?"

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या नेहमी म्हणत, "पुडिंग भाऊजींचं. मी आपली गप्पा मारते." फोन ठेवल्यावर म्हणत, फोनवर नव्हे. मला जे कळलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या कृतीत जे कमी पडत होतं ते त्यांच्या घोड्याने भरून काढलं होतं, हे सांगण्याची गरज वाटली नाही.

साप्ताहिक पुढे कागदावर निघायचं थांबलं. आता ते फोनवर येतं आणि त्यात गोडाचं पान नाही. मी निवृत्त झालो. पण वहिनींचे फोन चालूच राहिले. आता ते घरातल्या मुलांचे असतात.

त्यांत माझी नात ईरा. मुलगी-जावई विद्यानगरला राहतात, ईरा तिथेच कॉलेजात शिकते. मराठी फर्डं बोलते, वाचताना मात्र दुकानाची पाटी वाचल्यासारखी एकेक अक्षर लावते. मी तिला पुडिंगची कृती टाइप करून पाठवली. शेवटची, सगळ्यांत तपासलेली आवृत्ती.

"आबा, इतकं मराठी?" तिचा फोन आला. "मला वॉइस पाठवा ना."

मी पाठवला. सगळी प्रमाणं होती, अनावश्यक शब्द नव्हता. संध्याकाळी तिने कळवलं, "आबा, चॉकलेटचं दूध झालं. प्यायला मस्त आहे." पुढच्या रविवारी तिने वरच्या मजल्यावर वहिनींना फोन लावला. त्या दिवशीच्या पुडिंगचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. वाटीत चमचा उभा होता. खाली लिहिलं होतं, 'मोठी आजी स्पेशल'. मी अंगठा पाठवला.

सदराचा लेखक मी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे कुणाच्या लक्षात नव्हतं. मुलीने ईराला एकदा सांगितलंही होतं. त्यातून ईराने काढलेला अर्थ असा, की मोठी आजी सांगायची आणि आबा टाइप करायचे. वाचकांचा प्रश्न संपला होता. एका नातीपुरतं तरी हे दुरुस्त व्हावं, एवढीच इच्छा उरली होती.

यंदा वहिनींचा आवाज बसला. स्वरयंत्रावर लहानशी गाठ निघाली. ती काढली, काळजीचं काही निघालं नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं, की काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने घसा जास्त ताणला जातो. घर इतकं शांत झालं, की दादा विनाकारण रेडिओ लावू लागला.

त्यातच त्यांचा वाढदिवस आला. दुपारी त्या खाली आमच्याकडे बसल्या होत्या. ईराचा फोन आला.

"आबा, मोठ्या आजीसाठी पुडिंग करून आणतेय. तुम्ही सांगा ना. पण त्या वॉइससारखं नको. ती सांगते तसं. घोड्यासकट."

मी फोन स्पीकरवर ठेवला. वहिनी समोरच्या खुर्चीत सरसावून बसल्या. दुसरा पक्ष समोर हजर आहे आणि प्रतिक्रिया देऊ शकत नाही, अशी संधी बातमीदाराला सहसा मिळत नाही.

प्रमाणं सांगून झाली. पातेलं गॅसवर गेलं. "ढवळत राहा," मी म्हटलं. "तर एकदा रेसकोर्सवरचा एक तपकिरी घोडा..."

वहिनींनी जोरात मान हलवली आणि स्वतःच्या केसांना हात लावून दाखवला. पांढरे.

"...तपकिरी घोडा मोतद्दाराच्या हातून सुटून आमच्या गल्लीत शिरला. खिडकीत केक होता. ताटली घेऊन फाटकापर्यंत गेल्यावर घोडा मागे आला. त्याला धरलं."

पलीकडे चमच्याचा आवाज येत होता.

"संपला?" ईराने विचारलं. "आबा, अजून नुसतं दूध आहे. आणि पापड कुठे गेले?"

वहिनी दोन्ही तळहातांनी हवेत पापड तुडवत होत्या.

मी पापड सांगितले. मग दूधवाला सांगितला. तो त्या दिवशी आला होता की नाही, याची मला खात्री नाही. वहिनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठल्या. टाकी. मी अनसूयाम्मांना टाकीवर चढवलं.

"कडेने दाट व्हायला लागलं," ईरा म्हणाली. "बंद करू?"

"नको. जावई यायचाय अजून."

जावई आला. अनसूयाम्मा उतरल्या. मग खिडकी आली आणि खिडकीतला केक. ईराने पुढचं वाक्य स्वतःच सुरू केलं. "आणि मग मोठ्या आजीने ताटली घेतली..."

"ताटली मी धरली होती," मी म्हटलं. "केकही मीच केला होता. सगळे केक मीच करत असे."

चमचा थांबला.

"ढवळ," मी म्हटलं.

"काय आबा!" ती हसली. "जेलस! आज मोठी आजी बोलू शकत नाही तर घोडाच पळवला तिचा. ती बरी होऊ दे, सांगते तिला."

वस्तुस्थिती सांगून झाली होती आणि कुणी ती उतरवून घेतली नव्हती. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग त्या पुढे झुकल्या, फोनपाशी तोंड नेलं, आणि पत्र्यावर रेती ओढल्यासारखा आवाज आला. "हौ गं. भाऊजींचाच केक. ताटली पण."

मला शब्द कळले, कारण मी हातभर अंतरावर होतो.

"कोण बोललं?" ईरा ओरडली. "मोठी आजी? काय म्हणाली? काहीच नाही कळलं!"

वहिनींनी गळ्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखल्यामुळे. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा बोलायला वाकल्या. मी फोन उचलून माझ्या कानाशी घेतला.

"आबा, काय म्हणाली ती?"

"घोडा पांढरा होता म्हणतायत," मी म्हटलं.

"बघा! मी काय म्हणत होते! आबा, आता मधोमध पच्च पच्च वाजतंय."

"गॅस बंद कर," मी म्हटलं.